‘वहिला’ आणि व्युत्पत्तीचा आळस

संतवाङ्मयातील ‘वहिला’ या क्रियाविशेषणाचा अर्थ ‘त्वरेने, लवकर’ असा आहे. तथापि ध्वनिसाम्यामुळे त्याला ‘पहिला’शी जोडण्याचा, किंवा संस्कृत ‘वह्’ धातूचे नाव घेऊन मोकळे होण्याचा मोह अभ्यासकाला पडतो. हा दोष केवळ शब्दार्थापुरता नाही. भक्त देवाला ‘वहिला’ बोलावतो तेव्हा त्या हाकेत निकड असते. ‘पहिला’ म्हणताच तेथे क्रम येतो आणि आर्ततेचे मानपानात रूपांतर होते.

या गफलतीला व्याकरणाचे निमित्त मिळते. ‘वहिला’ लिंगवचनानुसार बदलतो, म्हणून तो विशेषण वाटतो. परंतु ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ या आजच्या वाक्यांतही तेच घडते. रूप बदलले म्हणून शब्दाचे क्रियाविशेषणत्व नष्ट होत नाही.

पुरावा दूरचा नाही. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंश प्रकरणात ‘शीघ्र’च्या जागी ‘वहिल्ल’ हा आदेश नोंदविला आहे. आदेश म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. ‘शीघ्र’पासून ‘वहिल्ल’ निघाला असा त्याचा अर्थ होत नाही. गुजरातीत ‘वहेलो, वहेली, वहेलुं’ ही रूपे आजही ‘लवकर’ या अर्थाने नांदतात. मुळाशी ‘वह्’ असो वा नसो, अपभ्रंशाची पायरी गाळून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. इंग्रजीचा अभ्यासक शेक्सपिअरमधील ‘अनॉन’ समजून घेताना प्राचीन इंग्रजीकडे वळतो. तेथे ‘एकात’ या अर्थाच्या पदबंधातून ‘ताबडतोब’ आणि पुढे ‘थोड्या वेळाने’ असा अर्थप्रवास त्याला दिसतो. मराठीच्या अभ्यासकाने मात्र प्राकृत वगळूनच चालावे काय?

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारहून मराठीच्या पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच बोचरी ठरते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. तेथील वाकाटक राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतात रचले. आज ते अलंकारशास्त्रकारांच्या अवतरणांतूनच उरले आहे. ज्या भूमीत राजा प्राकृतात लिहीत होता, तेथील विद्यार्थ्यालाच प्राकृतावाचून जुनी मराठी शिकविली जाते.

२०२४ साली मराठी व प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा मिळाला. गौरवात जोडलेल्या या भाषा अभ्यासक्रमात वेगळ्या राहिल्या, तर तो दर्जा मिरवण्यापुरताच उरेल.