हें शरीर कोणाचें ?

पुष्कळ पालकांची अशी समजूत दिसते कीं, विज्ञानकथा म्हणजे रिकाम्या वेळची करमणूक. तिच्यामुळें मुलांच्या डोक्यांत भलत्या कल्पना मात्र शिरतात. आम्हांस हें मत मान्य नाहीं. वैद्यकानें कोठें थांबावें हा प्रश्न कांहीं विज्ञानकथा वयांत येणाऱ्या मुलांपुढें ज्या सरळपणानें मांडतात, तसा तो पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो.

नॅन्सी फार्मर ह्या अमेरिकन लेखिकेची 'द हाउस ऑफ द स्कॉर्पियन' ही कादंबरी २००२ सालीं प्रसिद्ध झाली व त्याच वर्षीं तिला कुमारवाङ्मयाचें 'नॅशनल बुक अवॉर्ड' मिळालें. तत्पूर्वीं, १९९६ सालीं, स्कॉटलंडांत डॉली नांवाची मेंढी एका प्रौढ मेंढीच्या पेशीपासून जन्मास आली होती. तेव्हां कथेची कल्पना अगदींच आकाशांतली नव्हे. तींतील मॅट हा मुलगा एल पात्रोन नांवाच्या अफूसम्राटाच्या पेशीपासून निर्माण केलेला व गाईच्या पोटांत वाढविलेला आहे. एल पात्रोन एकशेंचाळीस वर्षांहून अधिक जगला, तो अशाच मुलांचे अवयव काढून घेऊन. इतर अशा मुलांचा मेंदू जन्मतांच नष्ट करितात. मॅटचा तेवढा धन्याच्या लहरीनें शाबूत राहतो. त्याच्या तळपायावर तो कोणाच्या मालकीचा तें गोंदलेलें आहे. घरचे लोक त्यास जनावर समजतात. भुसा पसरलेल्या खोलींत कोंडून ठेवण्यापर्यंत त्यांची मजल जाते.

त्यास वाढविणारी सेलिया ही त्या घरची स्वयंपाकीण. म्हाताऱ्यास मॅटचें हृदय हवें होतें, तेव्हां उघडकीस येतें कीं, ती त्याच्या अन्नांत थोडा थोडा सोमल घालीत आली आहे. धडधाकट मुलगा त्यानें मरत नाहीं. परंतु त्याचें हृदय त्या जीर्ण देहांत घातल्यास म्हातारा वांचणार नाहीं. ह्या प्रसंगावर वाचकानें अवश्य थांबावें. विष घालणाऱ्या बाईस आम्ही दोष देऊं शकत नाहीं, आणि शस्त्रक्रियेस सिद्ध असलेल्या निष्णात डॉक्टरांस मात्र क्षमा करूं शकत नाहीं. त्यांच्या कौशल्यांत कांहीं न्यून नव्हतें. मॅटला विचारावें हें मात्र त्यांपैकीं कोणासही सुचलें नाहीं.

एक उणीव सांगितली पाहिजे. एल पात्रोन इतका दुष्ट रंगविला आहे कीं, निवाडा फारच सोपा होतो. मेरी पिअर्सन ह्यांची २००८ सालची 'द अ‍ॅडोरेशन ऑफ जेना फॉक्स' ही कादंबरी ह्या बाबतींत अधिक अवघड. येथें गुन्हा करणारे प्रेमळ आईबाप आहेत. अपघातांत सांपडलेल्या मुलीचा मेंदूचा सुमारें दहावा भाग राखून, बाकीचें शरीर बाप कृत्रिम घडवितो. त्या काळीं किती कृत्रिम अवयव घालावे ह्यास कायद्यानें घातलेली मर्यादा तो मोडतो, आणि शुद्धीवर आलेल्या मुलीपासून सर्व लपवितो.

हे प्रश्न परक्या देशाचे म्हणून सोडून देतां येत नाहींत. मानवी अवयवांची खरेदीविक्री आपल्या देशांत १९९४ च्या कायद्यानें गुन्हा ठरविली आहे. अज्ञान मुलाचा अवयव जिवंतपणीं काढून घेण्यासही सामान्यतः मनाई आहे. मुलाचें शरीर आईबापांच्या हवालीं असतें, मालकीचें नव्हे, हेंच तत्त्व ह्या मनाईच्या मुळाशीं आहे असें आम्ही समजतों.

दोन्ही पुस्तकें वरच्या वर्गांतील मुलांनीं वाचावीं. धाकट्यांस त्यांतील क्रौर्य झेपणार नाहीं. पालकांनीं तीं आधीं वाचलीं तर बरेंच. जेनाच्या बापानें तिला जगविलें ह्याबद्दल त्यास दूषण देण्यास आमची जीभ रेटत नाहीं. पण ती डोळे उघडतांच त्यानें तिला सर्व कांहीं सांगावयास हवें होतें.