आकाशातलं पासबुक
बँकेत असताना विहिरींच्या कर्जासाठी मी शेतकऱ्याचा सातबारा पाहत असे. जमिनीच्या पोटातल्या पाण्याचा उतारा मात्र कुणाकडेच नसे. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह बैकानूरहून झेपावला आणि दर २२ दिवसांनी तीच भूमी पुन्हा न्याहाळू लागला. खडकांतल्या भेगांच्या रेषा, बुजलेले प्रवाह, पिकांखालचं क्षेत्र त्याच्या चित्रांत उमटू लागलं. संगणकाच्या मदतीनं त्यांचे नकाशे होऊ लागले.

ही विद्या मोलाचीच. पण शिल्लक कळली म्हणून उधळपट्टी थोडीच थांबते? उपग्रह भेग दाखवील. तिथं बोअर मारायचा की पाणी मुरवायचं, हे माणसांनीच ठरवायचं असतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारची ग्रामसभा पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मगच पिकं ठरवते. शेतीसाठी बोअरला तिथं बंदी आहे. हिशेब सर्वांसमोर होतो, म्हणून तो पाळला जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की उपग्रहाचे नकाशे मराठीत, गटनंबरांसह, चावडीच्या भिंतीवर लागले पाहिजेत. खातं साऱ्या गावाचं असेल, तर शिल्लकही साऱ्या गावाला कळायला हवी.