प्लास्टर निघाले म्हणजे पाय बरा झाला का?

सहामाही परीक्षा आटोपली की मैदानावर चुन्याच्या रेघा पडू लागतात आणि त्याच आठवड्यात कार्यालयात चिठ्ठ्या यायला सुरुवात होते. "चिरंजीव आता बरा आहे, त्याला 400 मीटरमध्ये घ्यावे." "मुलीचे प्लास्टर काढले आहे, रिलेतले तिचे नाव कापू नये." अगदी उलट मजकुराचीही एखादी असतेच : "मागच्या वर्षी घोटा दुखावला होता, यापुढे तिला कोणत्याच शर्यतीत घेऊ नये." या सर्व चिठ्ठ्या मायेपोटी लिहिलेल्या असतात. तरीही त्यांपैकी एकीशीही आम्ही सहमत नाही.

आधी आपल्या मैदानाविषयी. इंदूरची काळी माती पावसाळ्यात पायांचे, सायकलींचे, गुरांचे ठसे घेते आणि दिवाळीनंतर तेच ठसे दगडासारखे वाळून बसतात. वर भेगा पडतात त्या वेगळ्याच. सराव सुरू होतो तो नेमका याच दिवसांत. त्यात सकाळची थंडी. जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास असतो, कधी त्याहूनही खाली जातो. थंड स्नायू आखडलेला असतो, लवकर ताणला जात नाही, आणि पोरे मात्र रिक्षातून उतरली की थेट रेघेवर उभी राहतात.

पाय मुरगळला की आपल्याकडे त्याला हिंदीत मोच म्हणतात, घरच्या मराठीत लचक. शब्द लहान, म्हणून दुखणेही लहान समजले जाते. हळदीचा लेप लावतात, तालमीतल्या उस्तादांकडून पाय चोळून घेतात. हळदीला आमचा विरोध नाही. पण नुकत्याच सुजलेल्या घोट्याला जोर लावून चोळणे वाईटच. शिवाय मुलांच्या हाडांची गोष्ट मोठ्यांपेक्षा वेगळी असते. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो, हाड तिथूनच वाढते. हा थर आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असतो. म्हणून ज्या धक्क्याने मोठ्या माणसाचा पाय नुसता लचकेल, त्याच धक्क्याने बारा वर्षांच्या मुलाचा तो थर दुखावू शकतो. सूज आहे, पाय टेकवत नाही, हाडावर बोट ठेवताच मूल कळवळते, अशा वेळी आधी डॉक्टर आणि एक्स-रे, बाकी सारे नंतर.

आता प्लास्टरविषयी. प्लास्टर निघाले याचा अर्थ हाड जुळले, इतकाच. काही आठवडे बांधून ठेवलेल्या पायाची पोटरी बारीक झालेली असते, घोटा आखडलेला असतो आणि तोल सांभाळण्याची सवय मोडलेली असते. घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो तो बहुधा या तोलापायी. पालकांनी घरी एवढे करून पाहावे : मुलाला आधी चांगल्या पायावर, मग दुखऱ्या पायावर, डोळे मिटून उभे करावे. जवळ आपण स्वतः थांबावे. दोन्हींत ठळक फरक दिसला तर तो पाय शर्यतीचा झालेला नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख काहीही असो.

तारीख पाहून शर्यतीत उतरवू नये, पाय पाहून उतरवावे, असे आमचे म्हणणे आहे. आधी भरभर चालणे, मग हलके धावणे, मग सरळ रेषेत वेग आणि सर्वांत शेवटी वळण. 200 आणि 400 मीटरच्या वळणावरच घोट्याची खरी परीक्षा होते. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाय पाहावा. सुजला असेल तर एक पायरी मागे.

इथे काही पालक आम्हांला डेरेक रेडमंड यांची आठवण देतात. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये 400 मीटरच्या उपांत्य फेरीत त्यांच्या मांडीमागचा स्नायू फाटला, वडील धावत मैदानात आले आणि त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन रेडमंड लंगडत अंतिम रेषेपर्यंत पोहोचले. ती चित्रफीत पाहून डोळे कोणाचे भरून येत नाहीत? पण ज्यांच्यापुढे ऑलिंपिक होते अशा 26 वर्षांच्या माणसाचा तो निर्णय होता, आणि धावपटू म्हणून त्यांची मोठी कारकीर्द तिथेच संपली हेही मुलांना सांगायला हवे. सातवीच्या पोराला शालेय शर्यतीत लंगडत धावायला लावून त्याला जिद्द म्हणणे आम्हांला पटत नाही.

त्यापेक्षा नीरज चोप्रा यांचे उदाहरण घ्यावे. मे 2019 मध्ये त्यांच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रांचीच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरायची त्यांची तयारी होती, पण घाई नको म्हणून ॲथलेटिक्स महासंघानेच त्यांना थांबवले. जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी 87.86 मीटर भाला फेकला आणि टोकियोची पात्रता मिळवली. 2021 चे सुवर्णपदक सर्वांना ठाऊक आहे. खेळाडू तयार असतानाही कोणीतरी 'थांब' म्हणणारे लागते. शाळेत ते काम आमचे आहे. मुलावर ते सोपवू नये, कारण आपल्या सदनाचे गुण जाऊ नयेत म्हणून मुले दुखणे लपवतात.

पण तिसऱ्या चिठ्ठीचे काय? ती बहुतेक वेळा मुलीची असते. मुलगा पडला तर "लागायचेच", आणि मुलगी पडली की "आता पुरे, दहावी जवळ आली." बरा झालेला पाय कायमचा बसवून ठेवला तर तो आणखी दुबळा होतो. मुलीच्या मनात भीती घर करते ते वेगळेच. तिने यंदा 100 मीटरच धावावे, शेवटची यावी, पण धावावे.

म्हणून यंदा शर्यतींची यादी आधी पक्की होणार नाही. दुखापतीतून उठलेल्या मुलांना क्रीडाशिक्षक आदल्या दिवशी तपासतील, वळणावर धावून दाखवतील तेच उतरतील. जे राहतील ते स्टॉपवॉच धरतील, निकाल लिहितील, त्यांनी घरी बसू नये. शर्यती नऊ वाजता ऊन आल्यावर सुरू होतील. स्पर्धकांनी साडेआठला स्वेटर घालून यावे आणि तो रेघेवर उभे राहतानाच काढावा.

आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. पुढच्या पावसाळ्यानंतर, सराव सुरू होण्याआधी, मैदानावर एकदा रोलर फिरवून धावपट्टीपुरता तरी मुरूम टाकून घ्यावा. व्यासपीठाचा मांडव थोडा लहान केला तर खर्च त्यातूनच निघावा.