रेकॉर्ड आणि सीडी : आमचे बदललेले मत

दोन वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या संगीत मंडळात बोलताना आम्ही एक विधान मोठ्या ठसक्यात केले होते. काळ्या रेकॉर्डमध्ये गाणाऱ्याचा श्वास असतो, सीडीमध्ये त्या श्वासाचा केवळ हिशेब असतो, असे ते विधान. टाळ्या पडल्या आणि आम्हीही सुखावलो. काही विद्यार्थ्यांनी ते वाक्य वहीत उतरून घेतले, हे मात्र आता आम्हांस सलते. ते विधान खरे नाही. ज्यांच्यासमोर ते केले त्यांच्यासमोरच ते मागे घेणे उचित होय.

ज्या रेकॉर्डवरून आमचे हे मत बनले होते ती 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या इंग्रज वाद्यवृंदाची 'लीज अँड लीफ'. मे १९६९ मध्ये बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना या मंडळींच्या गाडीस अपघात झाला. त्यात त्यांचा अवघ्या एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लँबल मृत्यू पावला. वाद्यवृंद मोडणार असेच सर्वांस वाटले. परंतु उरलेल्यांनी हॅम्पशायर परगण्यातील एका घरात मुक्काम केला. डेव्ह स्वॉर्ब्रिक हा व्हायोलिनवादक आणि एक नवा ड्रमवादक सोबत घेतला, आणि खेडोपाडी शतकानुशतके गाइली जाणारी कथागीते विजेच्या गिटारीवर बसवली. जुन्या पोवाड्यास कोणी विजेची वाद्ये जोडावी आणि तरीही त्यातला शाहीर हरवू नये, तसा काहीसा हा प्रयोग होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेकॉर्ड बाहेर पडली. सँडी डेनी या गायिकेचा त्यातील आवाज ज्याने एकदा ऐकला, त्याला तो विसरता येणे कठीण.

आमच्याजवळ या संग्रहाची जुनी रेकॉर्डही आहे आणि सीडीही. 'रेनार्डिन' या गीतात ठेका जवळजवळ नाहीच. झांजांची थरथर आणि व्हायोलिनचे लांबलांब सूर यांवर सँडीचा आवाज तरंगत राहतो. रेकॉर्डवर तो आम्हांस अधिक ऊबदार भासे, सीडीवर अंमळ कोरडा. यावरून आम्ही सिद्धांत मांडला की, सीडी आवाजाचे तुकडे करते आणि दोन तुकड्यांमधला प्राण निसटून जातो.

आमच्या भाच्याला हा सिद्धांत मान्य नव्हता. तो अभियांत्रिकी शिकतो आणि वाद घालण्याऐवजी प्रयोग करतो, ही त्याची वाईट खोड. त्याने आमचीच रेकॉर्ड लावून तिचा आवाज संगणकात घेतला आणि सीडीच्याच मापाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन, एका कोऱ्या सीडीवर उतरवला. मग आम्हांस यंत्राकडे पाठ करून बसवले, दोहोंची पातळी तंतोतंत सारखी केली (किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, असे त्याचे म्हणणे, आणि ते खरे आहे) आणि 'रेनार्डिन' दहा वेळा ऐकवले. कधी रेकॉर्डवरून, कधी प्रतीवरून. "मामा, आता सांगा," असे तो दर वेळी विचारी आणि आम्ही दर वेळी मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असू. दहापैकी पाच उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी याहून वाईट निकाल लागला नसता.

म्हणजे ती ऊब सीडीत उतरली होती! सुईची खरखर उतरली, श्वासही उतरला. तुकड्यांमधून काही निसटले म्हणावे तर ते आमच्या कानांस तरी सापडले नाही. भाच्याने नंतर सांगितले की नमुन्यांमधली जागा रिकामी राहतच नाही. वाजवताना त्यांतून अखंड लहर पुन्हा उभी राहते, आणि २०,००० कंपनांपर्यंत, म्हणजे तरुण कानाच्या मर्यादेपर्यंत, त्यात काही उणे पडत नाही. आमचे कान तर तेथवरही पोहोचत नसावेत. अतिमंद आणि अतिमोठ्या ध्वनीमधील अंतर सीडीस सुमारे ९६ डेसिबेल पेलते. रेकॉर्डला ७० गाठणेही जड जाते.

मग दुकानातून आणलेली सीडी कोरडी का वाटली? भांडे दोषी नाही, भरणारा हात निराळा आहे. मूळ फितीवरून रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबावे लागतात, वरचे चढवावे लागतात आणि वाजवताना ते उलट फिरवून सारखे केले जातात. सुईही आपल्या पदरची थोडी विकृती घालते, आणि ती कानास गोड लागते. पुढे कित्येक वर्षांनी दुसरा कोणी तंत्रज्ञ तीच फीत सीडीसाठी तयार करतो तेव्हा तो आपल्या कानाने आणि आपल्या काळाच्या आवडीने करतो. आम्हांस जे आवडले ते एका माणसाचे काम होते, आणि आम्ही त्याचे श्रेय काळ्या प्लॅस्टिकला देऊन बसलो.

इतके कबूल केल्यावर एक गोष्ट मात्र आम्ही सोडणार नाही. हा संग्रह रेकॉर्डच्या दोन बाजूंसाठी रचलेला आहे. रेकॉर्ड मिनिटाला सवातेहतीस नव्हे, तर सव्वातेहतीसहून किंचित अधिक, नेमके ३३⅓ फेरे घेते. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर चर सरकते, आत मध्याजवळ जेमतेम २० ते २५. त्यामुळे बाजूच्या शेवटी नाजूक तपशील बोथट होतात आणि दणदणीत वादन तेथे फाटते. आता क्रम पाहावा. पहिल्या बाजूवर आठ मिनिटांचे घणाघाती 'मॅटी ग्रोव्ह्ज' आधी येते आणि अखेरीस 'फेअरवेल, फेअरवेल' हे छोटे, संथ निरोपगीत. दुसऱ्या बाजूवर 'टॅम लिन'चा कल्लोळ आधी आणि शेवटी 'क्रेझी मॅन मायकेल'ची हळुवार खंत. हे हेतुपूर्वक केले की आपोआप घडले, कसेही असो. ते चरीस मानवते. निरोपगीत संपले की सुई उचलायची, रेकॉर्ड उलटायची. त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत एकोणीस वर्षांच्या त्या मुलाची आठवण आम्हांस हटकून येते. सीडीवर तीच जागा दोन क्षणांत संपते आणि 'डेझर्टर'चा सैनिक दारात उभा राहतो.

२००२ साली निघालेल्या सीडीत तर शेवटी दोन जादा गीते जोडली आहेत. गीते चांगली आहेत, परंतु मायकेलच्या दुःखानंतर काहीच नको असते. आवाज त्या सीडीचा उत्तम आहे, हे आता आम्ही निःशंकपणे म्हणतो; आठवे गीत संपले की मात्र उठून यंत्र बंद करतो.