व्यंगचित्रं काढून घर चालतं का? शिरूर-दौंडच्या पोरांनी हा प्रश्न विचारायलाच हवा

२९ जुलै २०२५ ला शि. द. फडणीस शंभर वर्षांचे झाले आणि त्यांची चित्रं मोबाईलवर पुन्हा फिरली. नाव न आठवणाऱ्यांनाही रेषा मात्र लगेच ओळखू आली. कारण ही रेषा अनेकांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात पाहिली होती. पुण्यामुंबईतली आर्ट गॅलरी कधी न बघितलेल्या घरांतही हा चित्रकार शाळेच्या दप्तरातून पोचला होता.

अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता असे व्यंगचित्रकार होत नाहीत." त्याचं खापर मग पोरांच्या मोबाईलवर फुटतं. पण खरी भानगड पैशाची आहे. मराठीत फक्त व्यंगचित्रांवर कुणाचं घर चाललं, हे शोधायला गेलं की यादी फारच लवकर संपते.

फडणीसांचंच बघा. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचा. मुंबईला जेजेत शिकले ते कमर्शियल आर्ट, म्हणजे जाहिरातीची, छपाईची, पोटापाण्याची कला. 'हंस', 'मोहिनी' या मासिकांची मुखपृष्ठं त्यांनी केली. मुखपृष्ठावर एकही शब्द नसलेलं रंगीत हास्यचित्र, ही त्यांची ओळख बनली. पण त्याच्या जोडीला पुस्तकांची सजावट होती, पाठ्यपुस्तकं होती, 'हसरी गॅलरी' हे प्रदर्शन होतं आणि लोकांसमोर चित्रं काढून दाखवणारा 'चित्रहास' हा कार्यक्रमही. मुलांना चित्र शिकवणारं पुस्तकसुद्धा त्यांनी केलं. थोडक्यात, एका करिअरखाली चार-पाच खांब होते.

बाकीच्यांनी वेगळा मार्ग धरला. मंगेश तेंडुलकर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांमधली चित्रं ज्यांच्यामुळे डोळ्यांसमोर येतात, ते वसंत सरवटे पेशाने इंजिनिअर, सिमेंट कंपनीत नोकरी. दोघांचा महिन्याचा पगार दुसरीकडून यायचा आणि चित्रं त्यातून उरलेल्या वेळात व्हायची. आर. के. लक्ष्मण यांच्यासारखी मोठ्या इंग्रजी दैनिकातली कायमची खुर्ची अगदी मोजक्यांच्या वाट्याला आली.

मग संपादकपदाचा मार्ग उरतो. बाळ ठाकरे 'फ्री प्रेस जर्नल'मधून बाहेर पडले आणि १९६० मध्ये त्यांनी 'मार्मिक' काढलं. त्याची पुढची गोष्ट राजकारणात गेली, ती सगळ्यांना माहीत आहे. कॉमिक्समध्ये हे काम अनंत पै यांनी केलं. १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा', १९८० मध्ये 'टिंकल'. पै स्वतः चित्रकार नव्हते, पण पानागणिक चित्रांचं काम देणारा संपादक म्हणजे काय, हे त्यांच्याकडे बघून कळतं. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांना त्यातून सलग काम मिळालं. मुळीकांनी पुढे हिंदीतल्या राज कॉमिक्सचा 'नागराज' काढला. म्हणजे मराठी हात होते, पण त्यांना काम मिळालं इंग्रजी-हिंदीत. मराठीला दिवाळी अंक होते. 'आवाज'ची खिडकीचित्रं लोक अजून आठवतात. पण दिवाळी वर्षातून एकदाच येते.

अमेरिकेत हे तिन्ही मार्ग एकाच माणसाने चालून दाखवले. हार्वी कर्ट्झमन. १९५२ मध्ये 'मॅड' सुरू करणारा संपादक, स्वतः व्यंगचित्रकार आणि १९७० च्या दशकापासून न्यूयॉर्कच्या एका कला महाविद्यालयात व्यंगचित्रकलेचा शिक्षक. शिकवण्याची जागा होती म्हणून मासिकांचं वरखाली झालं तरी त्याचा हात चालू राहिला. वृत्तपत्रांचा भरवसा तिकडेही उरलेला नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१९ मध्ये आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतलं रोजचं राजकीय व्यंगचित्र बंद केलं. २०२३ मध्ये मॅक्लॅची या वृत्तपत्र कंपनीने पुलित्झर मिळवलेल्या तीन व्यंगचित्रकारांना एकाच दिवशी घरी पाठवलं.

आता शिरूर-दौंडकडे येऊ

चित्रकला आवडणाऱ्या मुलीला इथून पुढे जायचं असेल तर रस्ता साधारण ठरलेला आहे. हायस्कूलमध्ये एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. त्याचे दहावीला वाढीव गुण मिळतात आणि बहुतेकांची चित्रकला तिथेच थांबते. पुढे शिकायचं तर पुणे. दौंडहून रेल्वेचा पास काढता येतो. शिरूर शहराला रेल्वेच नाही, तिथे एसटी किंवा पुण्यात खोली. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "शिकून नोकरी कसली?" वर्षानुवर्षं याचं एक सरळ उत्तर होतं, कलाशिक्षक. एटीडी करा, शाळेत लागा, उरलेल्या वेळात चित्रं काढा. तेंडुलकर-सरवट्यांचंच गणित, फक्त कारखान्याच्या जागी शाळा.

हेच उत्तर आता डळमळलं आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीत शंभरहून जास्त मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यावा. 'अंशकालीन' आणि 'शंभरहून जास्त' हे शब्द नीट वाचा. पहिली ते पाचवीसाठी कलाशिक्षकाची वेगळी अटच नाही. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, तेच गणित, तेच मराठी, तेच चित्रकला घेणार. वस्तीवरच्या छोट्या शाळेला कायद्यानेच कलाशिक्षक मिळत नाही. गावातलं दुसरं काम होतं पेंटरचं, दुकानांच्या पाट्या आणि भिंती रंगवायचं. ते फ्लेक्सने खाल्लं.

इन्स्टाग्राम आहेच, आणि तिथे शिरूरचं पोरगं पुण्याच्या पोराइतकंच दिसू शकतं, ही खरोखर नवी गोष्ट आहे. पण दिसणं आणि बिल निघणं यात फरक आहे. मार्च २०२५ मध्ये घिबली शैलीतल्या फोटोंची लाट आली तेव्हा लग्नपत्रिकेचं किंवा वाढदिवसाच्या पोस्टरचं चित्र फुकटात निघायला लागलं. सुरुवातीच्या चित्रकाराला पहिले चार पैसे नेमके अशाच कामांतून मिळायचे.

अजून टिकून असलेला एक मोठा खांब म्हणजे पाठ्यपुस्तक. नव्या शैक्षणिक धोरणामुळे राज्यातली पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, म्हणजे चित्रांचं कामही नव्याने निघणार. ते कुणाला, कोणत्या निकषावर आणि किती मोबदल्यात दिलं जातं, हे पुण्यातल्या बालभारतीला विचारण्यासारखं आहे. घरात पहिलीतलं मूल असेल तर त्याच्या पुस्तकाचं श्रेयनामावलीचं पान उघडा. समित्यांच्या लांबलचक यादीखाली चित्रकाराचं नाव बारीक अक्षरात असतं.