निर्यातीच्या लाकडी पेट्या आणि किरणांचा उपाय

चाकणच्या बाजारात कांदा आणणाऱ्या शेतकऱ्यास बांधावरच्या जुन्या आंब्यालाही गिऱ्हाईक मिळू शकते. कारण परिसरातील कारखान्यांच्या मालास लाकडी पेट्या लागतात आणि आंब्याचे लाकूड त्या कामी चालते. मात्र परदेशी जाणाऱ्या पेटीत कीड असता कामा नये. तेव्हा कित्येक जण विचारतात की, हापूस आंबा किरणांखालून काढून अमेरिकेस पाठवितात, तर पेटीच्या फळ्यांना तोच उपाय का करू नये?

माझ्या मते आजमितीस तो करू नये. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी प्रक्रिया केलेला आंबा २००७ साली अमेरिकेस गेला. त्यासाठी किमान ४०० ग्रे ही मात्रा ठरली आहे. एवढ्या मात्रेने कोयीतील भुंगा तत्काळ मरतोच असे नाही. तो वंध्य होतो व त्याची पैदास थांबते. आंब्याच्या बाबतीत उभय देशांना हे मान्य आहे. परंतु फळीतून वळवळणारी अळी वंध्य आहे, हे परक्या बंदरातील तपासनिसास कसे पटावे? शिवाय जाड लाकडाच्या गाभ्यापर्यंत किरण पुरेसे पोचवावयाचे, तर बाहेरील भागास अधिक मात्रा द्यावी लागते. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाच्या मान्य यादीत गॅमा किरण आजही नाहीत. तेथे उष्णता व धुरी आहे. धुरीच्या मिथिल ब्रोमाइडने ओझोनच्या थरास अपाय होतो. म्हणून उष्णताच बरी. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे राहिला पाहिजे. अशी खोली पेट्या बांधणाऱ्याच्या आवारातच उभारता येते.

या नियमांस उगीच जाच समजू नये. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आशियातील लांब मिशांचा भुंगेरा आढळला. तो मालाच्या लाकडी वेष्टनातून आला असे मानतात, आणि त्याच्यापायी पुढे हजारो झाडे तोडावी लागली. आपल्या आंब्याचे खोड पोखरणारे भिरूड त्याच कुळातील होय.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खोडाच्या छिद्रांतून भुसा पडतो काय, हे झाड विकण्यापूर्वीच शेतकऱ्यास पाहावयास लावावे. पोखरलेला ओंडका जळणासाठी वेगळा काढावा. उरलेल्यांची साल लागलीच सोलावी व ते पावसात पडू देऊ नयेत. भट्टीतून निघालेल्या फळीवर गव्हाच्या ओंबीसारखे मान्यतेचे चिन्ह उमटविलेले असले, तरी ३ सेंटिमीटरहून रुंद आणि ५० चौरस सेंटिमीटर वा त्याहून मोठा सालीचा तुकडा तिच्यावर राहिल्यास ती नियमात बसत नाही.