राजाचे काय चुकले?

सातवाहन राजाची आणि मोदकांची गोष्ट ठाऊक नाही असा भाषाशिक्षक विरळा. आणि ती नीट ऐकली आहे असा त्याहूनही विरळा.

गोष्ट सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तली. ग्रंथ अकराव्या शतकातला आणि काश्मीरचा. पण प्रसंग घडतो आपल्या पैठणास, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानात. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतो आहे. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी त्याला संस्कृतात म्हणते, मला ‘मोदकैः’ मारा. राजा ताबडतोब मोदक आणवतो. राणी हसते. तिला म्हणावयाचे होते ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नका. ‘मा’तला आ आणि ‘उदकैः’तला उ एकत्र आले की ओ होतो, एवढा संधी राजाला ठाऊक नव्हता. तो इतका शरमला की कोणाशी बोलेना.

व्याकरण न शिकल्यास अशी फजिती होते, असे सांगून आम्ही मास्तर लोक ही गोष्ट संपवतो. मीही पुष्कळ वर्षे तशीच संपवीत आलो. आज मला विचाराल तर राजाचे काही चुकले नव्हते. राणीच्या तोंडून जो नाद बाहेर पडला त्यात मोदकही होते आणि उदकही. पाण्यात उभे राहून मोदक मागणे व्यवहाराला धरून नाही, हे कबूल; पण व्यवहार वेगळा आणि कान वेगळा. ज्या घराण्याचे शिलालेख प्राकृतात आहेत, ज्यातल्या हालाच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातली ‘गाथासप्तशती’ आहे, त्या घराण्यातल्या पुरुषाच्या कानाला आधी मोदक ऐकू आला, तर हसायचे कोणी कोणाला?

हे सारे आठवायला कारण घडले. शिक्षकांच्या एका शिबिरात एक तज्ज्ञ गृहस्थ बोलले. शब्दांची कोडी, कोट्या, श्लेष ही हलकी करमणूक. वर्गात थोडा वेळ घालवावयाचा असेल तर ठीक. पण प्रत्येक कोड्याला एकच निश्चित उत्तर असावे आणि ते उत्तरसूचीत छापलेले असावे, म्हणजे गुण देताना घोळ होत नाही. टाळ्या पडल्या. मी मॅट्रिक झालेला माणूस. तिथे उठून बोलण्याचे धैर्य झाले नाही. म्हणून इथे बोलतो.

हलकी करमणूक? दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. त्यातला पहिलाच प्रकार ‘समागता’, म्हणजे पदांच्या संधीत अर्थ दडविण्याचा. राणीच्या वाक्यात आहे तोच. या प्रहेलिका कशाला उपयोगी, हेही तो सांगतो: खेळाच्या बैठकीत, जाणत्यांना गर्दीत गुप्तपणे बोलण्यासाठी, आणि दुसऱ्याला चकविण्यासाठी. गुण देण्याघेण्याचा उल्लेख त्यात नाही.

आणि एकच उत्तर? एका नादाच्या दोन वाटा असतात, त्यातच अशा कोड्याचा सगळा जीव. एक वाट बंद केली की कोडे उरत नाही, व्याख्या उरते. ‘सुमन’ म्हणजे फूल आणि चांगले मन, ‘मित्र’ म्हणजे सखा आणि सूर्य, हे आमच्या मुलांना श्लेषाखाली पाठ असते. कोडे मात्र सुटत नाही. करपलेली भाकरी, अडलेला घोडा आणि सडलेली विड्याची पाने या तिघांना ‘न फिरवल्यामुळे’ असे एकच उत्तर देणाऱ्या आजीला श्लेष हा शब्दही माहीत नव्हता.

कोडे सुटते कसे, ते कोणी निरखून पाहिले आहे काय? मुलगा कागदाकडे बघत बसला आहे तोवर ते सुटत नाही. तो ओठ हलवू लागला, की समजावे, जवळ आला. एकदा सावकाश म्हणतो, एकदा भरभर, एकदा भलत्याच जागी थांबून. भलत्या जागी थांबणे हीच यातली सारी विद्या. ‘नवरी’ मध्येच तोडली की ‘न वरी’, आणि लग्नच मोडले. ‘नाशिक’ तोडले की ‘ना शिक’, आणि शाळाच बंद. ‘सोडा पाणी’ असे हॉटेलात म्हटले तर बाटली येते. नळाखाली रिकामी कळशी ठेवून चावीवाल्याला म्हटले तर, नशीब असल्यास, पाणी येते.

कागदाचा या कामी अडथळाच अधिक. आपली लिपी शास्त्रशुद्ध म्हणून आपण मिरवतो. पण ‘जात जात नाही’ हे लिहून पाहा. पहिल्या जातीतला ज तालव्य, दुसऱ्यातला दंत्य. जीभ दोन्ही वेळा निराळ्या जागी लागते, आणि अक्षर मात्र तेच. ‘या जगात जग’ म्हणा, ‘चार गाई’ आणि ‘गाईला चार’ म्हणा, तीच कथा. उलट बाजूही आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी पाण्यावर तरंगे ती ‘नाव’ आणि माणसाला ठेवीत ते ‘नांव’. कानाने ही दोन्ही कधीच एक केली होती, कागद मागाहून आला. आता ‘घराण्याचेही बुडते आणि कोळ्याचीही बुडते, ते काय?’ हे कोडे लेखी घातले तरी कोणी बोट दाखवू शकत नाही.

आता माझी स्वतःची लाज सांगतो. दर शनिवारी वर्गाच्या फळ्यावर मुलांनी एक कोडे लिहावे, हा उपक्रम माझाच. आठवीत एक मुलगा होता. वडील बँकेत, बदलीवर आलेले. कुटुंब गोव्याचे, पेडण्याकडचे. मुलगा वर्गात तोंड उघडीत नसे. एका शनिवारी त्याने आपण होऊन खडू घेतला आणि लिहिले: ‘आजीने गोष्ट काय केली, की गाव झाले?’ वर्ग गप्प. मीही गप्प. मग त्यानेच उत्तर दिले: सांगली.

मी म्हणालो, “अरे, गोष्ट सांगितली म्हणतात. सांगली नव्हे. अशुद्ध आहे हे. कोडे बाद.”

वर्ग हसला. तो हळूच म्हणाला, “सर, आम्ही घरी असंच म्हणतो.” मी ते ऐकले, आणि फळा पुसला. वर्षभर त्याने पुन्हा खडू घेतला नाही.

कोकणीत ‘काणी सांगली’ हेच शुद्ध. कोकणी १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आहे. म्हणजे मुलगा वाईट मराठी बोलत नव्हता, चांगली कोकणी बोलत होता. आणि दोन भाषांमधल्या भिंतीला भोक पाडून त्यातून अख्खे गाव बाहेर काढीत होता. इतके अस्सल कोडे माझ्या नोकरीत दुसऱ्या कोणी घातले नाही. शिबिरातल्या गृहस्थांना उत्तरसूची हवी आहे ना? त्या शनिवारी उत्तरसूची मीच होतो.

राजाच्या गोष्टीचा पुढला भाग आम्ही वर्गात गाळतो. गुणाढ्य म्हणाला, राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. पैज लागली आणि शर्ववर्म्याने ती जिंकली. हरलेल्या गुणाढ्याने बोलल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही टाकल्या, रानात गेला, आणि ‘बृहत्कथा’ रचली ती पैशाचीत. ग्रंथ राजाकडे धाडला. राजाला तोवर व्याकरण येऊ लागले होते. त्याने भाषा पाहूनच ग्रंथ झिडकारला. मग गुणाढ्य रानातल्या पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. सात लाख श्लोकांपैकी सहा लाख असे गेले, तेव्हा राजा धावत आला. मोदक मागवणारा राजा असता तर त्याने आधी ऐकून घेतले असते, असे मला राहून राहून वाटते.

त्या मुलाच्या वडिलांची पुढल्या जूनमध्ये पुन्हा बदली झाली. कारकून रजेवर होते, म्हणून दाखला मीच लिहिला. रजिस्टर उघडले. मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ असे होते. अक्षर माझेच, प्रवेशाच्या वेळी ते मीच भरले होते. मुलाला किंवा बापाला विचारल्याचे मला आठवत नाही.